फक्त आपल्याच डब्यावर

९ मार्च

धाकट्या,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई आशीर्वादसुद्धा अटी घालून देते. म्हणून नुसतंच धाकट्या. तू नंबर बदललास, मेल परत येतात. आईच्या वाढदिवसाला तू कार्ड पाठवतोस, त्याच्या पाकिटावरून हा पत्ता घेतला. तिला विचारून घेतला, चोरला नाही.

कामाचं लिहिते. आपल्या खेळाच्या डब्याची चिप बनवणारा कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली. सगळ्या डब्यांत त्यांच्याच चिपा आहेत आणि आता त्या एकेक करून जातायत. आधी पडदा हिरवा होतो, मग आतला पंखा जोरात फिरायला लागतो, मग काहीच नाही. मिस्त्रींच्या दुरुस्तीच्या टेबलामागच्या मांडणीवर परत आलेल्या डब्यांची रास छताला टेकलीय. म्हणून मी ठरवलं की आपला खेळ आता बाजारातल्या बाकीच्या तिन्ही मशीनवर द्यायचा. हो, मीच ठरवलं. हसून घे एकदाचा.

त्यासाठी एक मुलगी ठेवलीय. सगळे तिला पोर्टवाली म्हणतात, कारण एका मशीनवरचा खेळ दुसऱ्या मशीनवर चालता करणं हे तिचं काम, आणि ते ती झकास करते. सात आठवड्यांत तिने खेळातलं अख्खं घर तिकडे नेलं. चौदा खोल्या, जिना, भाडेकरूची ट्रंक, आपोआप लागणारे दिवे, सगळं. फक्त मागच्या खोलीतून घरमालक बाहेर येत नाही. खेळातला घरमालक म्हणजे बाबांचा आवाज, आणि तो आवाज ज्या त्या डब्याच्या चिपमध्ये कोरलेल्या आकड्याने बंद केलेला आहे. ते कुलूप तू लिहिलंस. कसं लिहिलंस हे कुठल्याच कागदावर नाही, माझी सगळी फडताळं उपसून झाली.

तू म्हणशील, कुलूप मागितलं कोणी? मी मागितलं, आणि आजही सांगते, तेव्हा माझंच बरोबर होतं. दोन मोठ्या कंपन्यांची चकचकीत मशीन आणि मध्ये आपलं हे करडं, शाळेत न्यायच्या डब्यासारखं. लोकांनी नाव पाडलंच डबा. जे कुठेही मिळतं ते घ्यायला आपल्या दारात कोण कडमडलं असतं? माणसं दुकानात जाऊन सांगायची, तो म्हातारा दिव्यांवरून ओरडतो तो खेळ ज्याच्यावर आहे ते मशीन द्या. खोक्यावर आपण मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'फक्त आपल्याच डब्यावर'. त्या तीन शब्दांवर चाळीस घरं चालली.

तुझंही थोडं बरोबर होतं, हे लिहिताना जिवावर येतंय. लोकांनी डबा त्या एका खेळासाठी घेतला आणि खेळ संपला की माळ्यावर टाकला. दुसऱ्या कोणी आपल्यासाठी खेळ लिहिलेच नाहीत. मी गेले विचारायला, तर म्हणाले, तुमच्या घरात तुमच्याच म्हाताऱ्याचा दरारा, आम्ही बसायचं कुठे? तू हेच म्हणत होतास, फक्त तू ते जेवताना आणि आवाज चढवून म्हणायचास. मला ते तेव्हा पुस्तकी वाटलं.

तर कुलूप कसं काढायचं ते लिहून पाठव. बाकी घरी सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

ताई


२६ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. माझी अपेक्षाही नव्हती, पण टपालवाल्याची सायकल वाजली की मी खिडकीत जाते, एवढं खरं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट हातची राखली. चालू असलेला डबा आता आम्हाला माहीत असलेला एकच उरलाय आणि तो आईचा आहे. तिला खेळ येत नाही. दिवे मालवायचे असतात, ती मालवत नाही. जेवण आटपलं की दोन वाजता डबा लावते, भाडेकरूला जिन्याच्या पायरीवर बसवते आणि बाबा येऊन रागावण्याची वाट बघते. 'बाहेर जाताना दिवा कोण मालवणार?' बाबा म्हणतात. ती म्हणते, 'अहो, मालवते, जरा बसा.' चार वाजता बंद करते. सहा वर्षं हे चाललंय. तो डबा गेला तर बाबांचा आवाज जगात कुठेच राहणार नाही. तिचं काय होईल हे मी मनातसुद्धा बोलत नाही. खरं तर त्यासाठी कुलूप हवंय, बाजार वगैरे नंतर.

आता जे लिहिते ते वाचून माझं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारू नकोस. ते मिस्त्रींनी आधीच विचारून घेतलंय.

तुला आठवतं, आवाज बाबांच्या दुकानातच घेतला होता. दाराला गोधडी लावली होती, बाबा दुरुस्तीच्या स्टुलावर, बाजूला उघडा पडलेला कोणाचा तरी रेडिओ. तू कानाला हेडफोन लावून, मी हातात माइक आणि वाक्यांची यादी घेऊन. एक्केचाळीस वाक्यं. बाबांना धाप लागत होती म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबायचो आणि मी पेन्सिलने खूण करायचे. त्यानंतर एकतीस दिवसांनी बाबा गेले. ती एक्केचाळीस मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. झोपेत उठवून विचार, क्रमाने म्हणेन.

गेल्या सोमवारी आईच्या डब्याचा पंखा साफ करायला मिस्त्रींनी तो टेबलावर घेतला. सकाळचे अकरा, खिडकीतून चांगलं ऊन आलेलं, मी समोर बसून बिलं लिहीत होते. मिस्त्रींनी डबा लावून बघितला, घरमालक आला, आणि मिस्त्री सोल्डरिंगचं आयर्न उचलणार तोच डब्यातून बाबा म्हणाले, 'हात पुसून घे.'

मिस्त्रींनी हात पुसले. सवयीने. बाबांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढलीत त्यांनी, आयर्नला हात लावण्याआधी हे वाक्य रोज ऐकलेलं. फडकं खाली ठेवल्यावर ते माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. हे वाक्य एक्केचाळीसात नाही.

मी त्यांना समजावलं की दोन वाक्यांच्या मधे माइक चालूच असायचा, बाबा सवयीने कधीतरी बोलून गेले असतील आणि तू ते काढायला विसरला असशील. मिस्त्री हो म्हणाले. मग म्हणाले, 'ताई, त्या दिवशी मी दुकानात नव्हतो. तुम्हीच मला सुट्टी दिली होती, खुडबूड नको म्हणून. मग साहेब कोणाला म्हणाले?'

तू ते काढायला विसरला होतास का? एवढंच कळव.

ताई


१३ एप्रिल

धाकट्या,

आजचं पत्र नीट लिहिता येणार नाही. जे झालं ते झालं तसं सांगते.

पोर्टवाली परवा माझ्याकडे आली. शहाणी मुलगी आहे, उगाच काही बोलणारी नाही. म्हणाली, 'मॅडम, एक विचारू? तुमच्या जुन्या खेळात घराचं पुढचं दार लागतं ना?' मी म्हटलं, लागतं, भाडेकरू आत आला की लागतं, मग शेवटपर्यंत उघडत नाही, तोच तर खेळ आहे. ती म्हणाली, तिन्ही मशीनवर ते उघडंच राहतंय. तिने अख्खा प्रोग्राम ओळ न ओळ तपासला. दार लागतं, ती पाठ वळवते, परत बघते तर उघडं. एका मशीनवर चूक असती तर समजू शकलं असतं, असं ती म्हणाली. मी तिला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितली. तिने घेतली नाही, पण त्या खोलीत आता ती एकटी बसत नाही.

मग आई. आईला यात काही वेगळं वाटतच नाही, हेच मला सहन होत नाही. काल मी तिच्याजवळ बसले. घरमालक जिन्यावर आला, दिव्यावरून रागावला, आणि थांबून म्हणाला, 'धाकटा पोचला का गं?'

आई म्हणाली, 'पोचला असेल हो. कळवायची पद्धत कुठंय त्याला.'

तू घर सोडलंस तेव्हा बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. मी आईला म्हटलं, अगं, हे वाक्य यादीत नव्हतं. ती म्हणाली, 'तुझ्या याद्या तुझ्यापाशी. नवराबायको यादी करून बोलतात का?' मी विचारलं, हे कधीपासून चाललंय? म्हणाली, 'पहिल्या वर्षी नव्हतं. नंतर बोलायला लागले हळूहळू. तू कधी बसलीस का इथे?'

खरंच, मी कधी बसले नव्हते. मी तो खेळ हजारो खोक्यांत भरून विकला आणि बाबा गेल्यापासून एकदाही खेळले नाही.

म्हणून आज आई डोळे तपासायला गेली असताना मी लावला. दुपारचे तीन. पडदे उघडे होते, रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. भाडेकरूला मी पायरीवर बसवलं नाही, सरळ मागच्या खोलीशी नेलं. बाबा बाहेर आले. तू त्यांना चेहरा काढला नव्हतास, नुसती टोपी आणि खाली सावली, पण ते माझ्याकडेच बघत होते. भाडेकरूकडे नव्हे, माझ्याकडे. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, रेडिओत काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगायचे ना, तसं, म्हणाले, 'कपाट कोरडं होतं.'

मी डबा बंद केला. हे कशाबद्दल असेल, मला काही कळत नाही.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

कालचं पत्र सकाळी टाकलं. शेवटचं वाक्य खोटं होतं. मला नीट कळतं.

तुला त्या मोठ्या कंपनीचा फोन आला होता. तू लपवलाही नाहीस. जेवताना सांगितलंस की ते म्हणतात, बाबांचा घरमालक घेऊन आमच्याकडे या. तू त्यांना नाही म्हटलंस, हेही सांगितलंस. मी फक्त पहिलं ऐकलं. रात्रभर माझ्या डोक्यात एकच, हा गेला आणि मूळ आवाज घेऊन गेला तर डब्यात काय उरलं? मशीन तर कोणीही बनवतं. दुसऱ्या कोणाकडे नाही असं आपल्याकडे एवढंच होतं, आणि ते तुझ्या हातात होतं.

मूळ आवाजाच्या दोन डिस्क दुकानातल्या लोखंडी कपाटात होत्या, तुला माहीत आहे. कारखान्यात सगळ्या चिपा भरून झाल्या होत्या, तिथली प्रत मी पुसून घेतलीच होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्री जेवायला गेल्यावर मी त्या दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, बाबांच्या टेबलावरच्या ड्रिलखाली धरल्या आणि प्रत्येकीला चार चार भोकं पाडली. त्या भंगारात टाकल्या. त्यांच्या जागी तशाच दिसणाऱ्या दोन जुन्या ठेवल्या, कपाटाच्या तळाशी बादलीभर पाणी ओतलं, भिंतीतल्या नळाची चावी थोडी सैल केली आणि तुला हाक मारली.

कपाट कोरडं होतं. मी ओलं केलं.

तू दोन दिवस त्या डिस्क आईच्या केस वाळवायच्या मशीनने वाळवत बसलास. मी तुला चहा आणून देत होते. तू म्हणालास, ताई, यात कुठेतरी असतील गं ते. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. बाबांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते, म्हणून हे वाक्य माइक चालू राहिल्याने कुठे नोंदलं गेलं असेल अशी स्वतःची समजूतही मला घालता येत नाही.

लोकांना वाटतं तू कुलपावरून भांडून गेलास. मलाही सहा वर्षं तेच सांगायला सोयीचं पडलं. तुला संशय आला होता का? नसेल तर आता खात्री झाली. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. मी आपल्या बाबांना चिपेत कोंडलं, इतर कोणाला मिळू नयेत म्हणून, आणि तुलाही नाही.

आईलाही आज सांगितलं. ती लिंबू चिरत होती. म्हणाली, 'मला माहीत आहे.' कोणी सांगितलं हे मी विचारलं नाही.

ताई


११ मे

धाकट्या,

तुझं पाकीट तीस एप्रिलला आलं. मायना नाही, सही नाही, तीन ओळी. 'कुलूप निघेल. चालू डबा लागेल, आणि ते मलाच करावं लागेल. काढलं की तो डबा रिकामा होईल, एक्केचाळीस वाक्यं बाहेर येतील, तेवढीच.' तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे कलतं. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं आणि नंतर तिने ते स्वतः वाचलं, दोनदा.

लगेच लिहायला हवं होतं. पण सांगायचं फार होतं आणि ठरवायचं त्याहून जास्त.

तुला कबुली लिहिल्यापासून बाबा मागच्या खोलीत नाहीत. डबा लावला की ते पुढच्या दारात उंबऱ्यावर उभे असतात, घराकडे पाठ करून, बाहेर बघत. घरातले सगळे दिवे लागलेले असतात आणि ते रागावत नाहीत. भाडेकरू मागे जाऊन उभा राहिला तरी वळत नाहीत. आई रोज दोन तास त्यांची पाठ बघत बसायची. मी म्हटलं, बोलत नाहीत तर कशाला बसतेस? म्हणाली, 'वाट बघतायत ते. तुला कसं कळत नाही?' मी पोर्टवालीला विचारलं, तुझ्याकडे दाराचं काय? तिच्याकडे तिन्ही मशीनवर ते उघडंच आहे, आता लावलं तरी लागत नाही. तिने प्रयत्न सोडला. म्हणाली, 'राहू दे मॅडम, कोणी यायचं असेल.' हे ती चेष्टेत म्हणाली नाही.

मधे एका नटाला बोलावून ती एक्केचाळीस वाक्यं म्हणून घेतली होती. चांगला माणूस, बाबांच्या वयाचा, आवाजात खर्जही होता. आईला ऐकवली. ती म्हणाली, 'कोण हे? बरे आहेत.' आणि आत गेली. मी ते वापरणार नाही.

खेळ पुढच्या महिन्यात सगळीकडे जाईल. ज्याच्या घरी जे मशीन असेल त्यावर. आपला डबा संपला. खरं सांगू, तो त्या खेळाशिवाय एक वर्षही टिकला नसता, आणि त्या खेळामुळे सहा वर्षांपलीकडे गेला नाही. दोन्ही खरं आहे, आणि मी आता त्यावर कोणाशी वाद घालत नाही. मागची खोली रिकामी जाईल की बाबा त्यात असतील, एवढंच ठरायचंय.

मिस्त्रींनी डबा उघडून बघितला. चिप पिवळी पडत चाललीय. ते म्हणतात, आणखी एकदा नक्की लागेल, दुसऱ्यांदा लागेल असं ते छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत. लागला की चार मिनिटं, मग पंखा सुटेल. म्हणजे एकच संधी. त्या चार मिनिटांत एक तर तू कुलूप काढशील, ती वाक्यं सगळ्यांची होतील आणि जे आईशी बोलायचे ते पुसले जातील. नाहीतर तू त्यांच्यासमोर बसशील आणि त्यांना तुझ्याशी काय बोलायचंय ते ऐकशील. मग डबा जाईल आणि कोणालाच काही मिळणार नाही. दोन्ही होणार नाही, मी मिस्त्रींना तीन वेळा विचारलं.

आजवर या घरात असलं काही ठरवायचं असलं की मी ठरवलं आणि तुला नंतर कळवलं. हे मी ठरवणार नाही. कुरियरने पाठवता येणार नाही, हादऱ्याने चिप जाईल, तेव्हा तुलाच यावं लागेल. काय करायचं ते तू ठरव, आणि तू काय केलंस हे मी विचारणार नाही. तुझ्या आधी किंवा नंतर त्या चार मिनिटांवर कोणाचा हक्क नाही. मी खोलीत नसेन, माडीवरही नसेन, खाली रस्त्यावर जाऊन उभी राहीन.

आईला म्हटलं, तू बस त्याच्याजवळ, तुझे तर ते रोजचे आहेत. तिने मान हलवली. म्हणाली, 'माझ्याशी सहा वर्षं बोलले. त्याच्याशी एक शब्द नाही बोलले.' मग म्हणाली, 'मी तुझ्याबरोबर खाली येईन.'

तुझं पाकीट आलं त्या दिवसापासून तिने डबा लावलेला नाही, तुझ्यासाठी उरावा म्हणून. दोन वाजले की जाऊन त्याच खुर्चीत बसते, टीव्ही बंद, हात मांडीवर, आणि चार वाजता उठते. आज बारावा दिवस. कधी निघतोस ते कळव.

ताई